दुसऱ्या उड्डाणाची जागा : मोहावी हवाई व अंतराळ तळाची वाटचाल

कॅलिफोर्नियातल्या मोहावी गावचा विमानतळ लोकनियुक्त मंडळाच्या ताब्यात आहे. परिसरातले मतदार पाच संचालक निवडून देतात आणि ते हँगरची भाडी, धावपट्टीची डागडुजी, जमिनीचे करार असा सगळा कारभार पाहतात. रॉकेटचे इंजिन पेटवून पाहायला कोणाला कोणता कोपरा द्यायचा, हाही याच कारभाराचा भाग. मंडळाने स्वतः आजवर एकही रॉकेट बांधलेले नाही. तरीही खासगी माणसांनी यान बांधायचे, वर पाठवायचे, परत आणायचे आणि तेच यान पुन्हा उडवायचे, या खटाटोपाचा अमेरिकेतला इतिहास लिहायला घेतला, तर सुरुवातीची बरीच प्रकरणे याच धावपट्टीवर येऊन थांबतात. त्यांतली कित्येक अपयशाची आहेत. संस्थेने नेमके काय केले, हे त्या अपयशाच्या प्रकरणांतूनच जास्त कळते.

गाव मुळात रेल्वेचे. १८७६ मध्ये सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या बांधकामाची छावणी इथे पडली. पुढच्या दशकात डेथ व्हॅलीतला टाकणखार वीस जनावरे जुंपलेल्या गाड्यांतून १६५ मैलांची वाट तुडवत इथल्या स्थानकात येऊ लागला. १९३५ मध्ये आसपासच्या सोन्याचांदीच्या खाणींच्या सोयीसाठी एक छोटी धावपट्टी तयार झाली. १९४२ मध्ये ती मरीन कोअरने घेतली. युद्ध संपले, तळ बंद झाला. कोरियाच्या युद्धात पुन्हा उघडला. १९६१ मध्ये मरीन सैनिक कायमचे गेले आणि लष्करी मापाच्या धावपट्ट्या केर्न काउंटीच्या गळ्यात पडल्या. वाळवंटाच्या काठावरच्या छोट्या गावाला एवढ्या मोठ्या विमानतळाचे करायचे काय, हा प्रश्न त्यानंतर दहा वर्षे तसाच लोंबकळत राहिला.

तो सोडवला डॅन साबोविच यांनी. विमानतळासाठी स्वतंत्र स्वायत्त जिल्हा हवा, म्हणून त्यांनी राज्य सरकारकडे चिकाटीने पाठपुरावा केला आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये ‘ईस्ट केर्न एअरपोर्ट डिस्ट्रिक्ट’ जन्माला आले. पुढची तीस वर्षे, म्हणजे २००२ पर्यंत, संस्थेची सूत्रे साबोविच यांच्याच हाती होती. हवा कोरडी असल्याने उभ्या विमानांना गंज चढत नाही, हे ओळखून विमान कंपन्या आपली बिनकामाची प्रवासी विमाने इथे आणून ठेवू लागल्या. आजही हमरस्त्यावरून जाणाऱ्याला आधी दिसतात ती हीच, इंजिने उतरवलेली, खिडक्या झाकलेली विमाने. प्रेक्षणीय नसला तरी हा पोटापाण्याचा धंदा होता.

संस्थेचे खरे भांडवल मात्र आकाशात होते. जवळच एडवर्ड्स हा हवाई दलाचा चाचणी तळ आहे आणि त्याच्याभोवतीचा विस्तीर्ण हवाई प्रदेश इतर वाहतुकीसाठी निर्बंधित आहे. वस्ती विरळ, आकाश बहुतेक दिवस निरभ्र, मुख्य धावपट्टी साडेबारा हजार फुटांची. या एडवर्ड्सच्या परिसरातच १९५९ ते १९६८ या काळात एक्स-१५ या रॉकेट-विमानाची १९९ उड्डाणे झाली. बी-५२ विमानाच्या पंखाखालून ते सोडायचे, रॉकेट पेटवायचे, वातावरणाच्या कडेपर्यंत जायचे आणि कोरड्या तळ्याच्या पात्रावर उतरायचे, अशी पद्धत होती. परत येणारे आणि पुन्हा उडणारे यान ही कल्पना म्हणजे अलीकडच्या अब्जाधीशांची उपज नव्हे. ती या वाळवंटात सरकारी खर्चाने एकदा जगून झाली होती. अमेरिकेनेच नंतर चंद्राच्या घाईत ती बाजूला ठेवली.

एडवर्ड्सवर चाचणी अभियंता म्हणून काम केलेले बर्ट रुटान १९७४ मध्ये मोहावीत आले. हौशी लोकांना घरी बांधता येतील अशा विमानांचे आराखडे ते विकत. १९८२ मध्ये त्यांनी ‘स्केल्ड कॉम्पोझिट्स’ काढली. इथेच बांधलेल्या ‘व्हॉयेजर’ विमानातून त्यांचे बंधू डिक रुटान आणि जीना येगर यांनी डिसेंबर १९८६ मध्ये कुठेही न थांबता, वाटेत इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. धातूऐवजी कार्बन तंतू आणि रेझिनचे हलके सांगाडे घडवण्याचे कसब त्यामुळे गावात मुरले. पुढे आलेल्या जवळजवळ प्रत्येक रॉकेट कंपनीला या कसबाचा आयता लाभ झाला.

गॅरी हडसन यांची ‘रोटरी रॉकेट’ ही त्यांतली पहिली गाजलेली कंपनी. १९९६ मध्ये ती निघाली तेव्हा मोबाइल फोनसाठी शेकडो उपग्रह सोडावे लागणार, असा बाजारात बोलबाला होता. ‘रोटन’ हे त्यांचे यान एकाच टप्प्यात कक्षेत जाणार होते आणि परतताना डोक्यावरची पाती उघडून हेलिकॉप्टरसारखे उतरणार होते. कागदावर हिशेब जमत होता. १ मार्च १९९९ रोजी ६३ फूट उंचीचा, शंकूच्या आकाराचा चाचणी नमुना हँगरबाहेर आला. त्याची पाती जुन्या सिकॉर्स्की हेलिकॉप्टरची होती आणि ती फिरवण्यासाठी टोकांना हायड्रोजन पेरॉक्साइडच्या झोतनळ्या बसवलेल्या होत्या. त्या वर्षी जुलै, सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये मिळून नमुन्याची तीन उड्डाणे झाली, तीही फक्त उतरण्याची रीत तपासायला. वैमानिकांना आतून बाहेरचे जेमतेम दिसे. तिसऱ्या उड्डाणानंतर नमुना पुन्हा हवेत गेला नाही. दरम्यान इरिडियमसारख्या उपग्रह कंपन्या बुडाल्या, गिऱ्हाइकांबरोबर गुंतवणूकदारही पांगले आणि २००१ मध्ये कंपनीचा गाशा गुंडाळला गेला. तो शंकू संस्थेने नंतर विमानतळाच्या छोट्या उद्यानात उभा केला. फसलेल्या भाडेकरूचे स्मारक दारात उभारणारे विमानतळ फार नसावेत.

कंपनी मेली, पण माणसे गावातच राहिली. रोटनच्या इंजिनांवर काम करणाऱ्या चौघांनी १९९९ मध्येच ‘एक्सकॉर’ काढली होती. त्यांनी रुटान यांच्या आराखड्यावरून बांधलेल्या एका छोट्या विमानाला दोन रॉकेट इंजिने जोडली आणि २००१ पासून ते उडवायला सुरुवात केली. उंची किंवा वेग यांपेक्षा पुन्हापुन्हा सुरू होणारे, न फुटणारे, झटपट इंधन भरता येणारे इंजिन हे त्यांचे ध्येय होते. ३ डिसेंबर २००५ रोजी डिक रुटान यांनी याच रॉकेट-विमानातून टपालाची थैली मोहावीहून शेजारच्या कॅलिफोर्निया सिटीला नेली. प्रवास दहा मिनिटांचाही नव्हता. गंमत म्हणून कोणी तो सोडून देईल, पण रॉकेटला रोजच्या वापराचे यंत्र करण्याचा विचार त्यात होता आणि तो बराच काळ दुसऱ्या कोणी इतक्या साधेपणाने केला नाही.

या सगळ्यांच्या डोक्यावर एक बक्षीस टांगलेले होते. १९९६ मध्ये सेंट लुई शहरात पीटर डायमंडिस यांनी ‘एक्स प्राइझ’ जाहीर केले. अनुशेह अन्सारी आणि त्यांचे दीर अमीर अन्सारी यांच्या देणगीनंतर २००४ मध्ये ते ‘अन्सारी एक्स प्राइझ’ झाले. रक्कम एक कोटी डॉलर. तेवढे पैसे हाताशी नव्हते, म्हणून विमा उतरवला होता. कोणी मुदतीत जिंकले तर रक्कम विमा कंपनीने भरायची. अटी साध्या दिसत. सरकारी पैसा न घेता बांधलेले यान तीन माणसे किंवा तेवढे वजन घेऊन १०० किलोमीटर उंचीवर जावे, सुखरूप परत यावे आणि दोन आठवड्यांच्या आत पुन्हा तसेच करून दाखवावे. इंधन सोडून यानाच्या वजनाचा दहा टक्क्यांहून जास्त भाग मधल्या काळात बदलायचा नाही.

शेवटच्या दोन अटींतच सगळी मेख होती. एकदा वर जाणे हे जिद्दीचे काम; दुसऱ्यांदा जाण्यासाठी पहिल्या खेपेत काय झिजले, कुठे तडा गेला, कोणता सांधा तापून सैल झाला हे सगळे कळावे लागते. अमेरिकेचे स्पेस शटल पुन्हा वापरण्यासाठीच बांधलेले होते. पण त्याच्या उष्णतारोधक फरशा एकेक तपासण्यात आणि इंजिने उतरवून पाहण्यात महिने जात. एकच शटल दोनदा उडवण्याचा सर्वांत जलद विक्रम १९८५ मधला, अटलांटिसचा आणि तोही ५४ दिवसांचा. खासगी कंपनीला चौदा दिवस दिले होते.

रुटान यांचे ‘स्पेसशिप-वन’ हे मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांच्या दोन कोटींहून अधिक डॉलरवर उभे राहिले. म्हणजे बक्षीस जिंकूनही खर्च निघणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होते. ‘व्हाइट नाइट’ नावाचे मातृविमान यानाला पोटाखाली घेऊन सुमारे ४७ हजार फुटांवर जाई आणि तिथे सोडून देई. इंजिन संकरित जातीचे : इंधन म्हणून घन रबर, ज्वलनासाठी द्रवरूप नायट्रस ऑक्साइड. परतीचा प्रश्न रुटान यांनी वेगळ्याच तऱ्हेने सोडवला. शिखरावर पोहोचल्यावर यानाचा मागचा भाग शेपटीसकट वर दुमडायचा. मग बॅडमिंटनचे फूल जसे कसेही टोलवले तरी बूड खाली करूनच येते, तसे यान आपोआप योग्य दिशेने, भरपूर अवरोध घेत खाली येई आणि फारसे तापत नसे. वैमानिकाचे कौशल्य पणाला लागायची गरजच कमी केली, हे या रचनेचे खरे यश.

इकडे साबोविच यांच्यानंतर नौदलाचे माजी वैमानिक स्टुअर्ट विट यांनी संस्थेची धुरा घेतली होती. अंतराळयान सोडायचे तर विमानतळालाही परवाना हवा. समुद्रकाठच्या प्रक्षेपण केंद्रांसाठी आखलेले नियम अंतर्भागातल्या, धावपट्टी वापरणाऱ्या तळाला लावताना सुरक्षित अंतरांपासून इंधनसाठ्यांपर्यंत सगळे नव्याने मांडावे लागले. १७ जून २००४ रोजी परवाना हाती आला. आडव्या प्रक्षेपणाच्या, पुन्हा वापरता येणाऱ्या यानांसाठीचा तो अमेरिकेतला पहिलाच परवाना. उड्डाण चार दिवसांवर येऊन ठेपले होते.

२१ जूनच्या पहाटे हजारो माणसे विमानतळावर जमली. वैमानिक होते ६३ वर्षांचे माइक मेल्व्हिल. गाठायची होती ३,६०,००० फूट उंची. वर जाताना नियंत्रणाच्या एका यंत्रणेने दगा दिला, यान मार्गावरून सरकले आणि कसेबसे ३,२८,४९१ फुटांवर पोहोचले. शंभर किलोमीटरची रेषा जेमतेम चारशे फुटांनी ओलांडली होती. तरी खासगी यानातून अंतराळात गेलेला पहिला माणूस सुखरूप उतरला. मिरवणुकीत मेल्व्हिल यांनी यानाच्या पाठीवर उभे राहून एका प्रेक्षकाचा फलक उंचावला : ‘स्पेसशिप-वन, गव्हर्नमेंट झीरो’. छायाचित्र जगभर गेले. ज्या धावपट्टीवर ते काढले ती मतदारांनी निवडलेल्या सार्वजनिक मंडळाची होती आणि वरचे आकाश हवाई दलाने राखलेले होते, हे त्या फलकावर कुठून मावणार!

बक्षिसाची दोन उड्डाणे सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ठरली. २९ सप्टेंबरला मेल्व्हिल पुन्हा गेले. चढताना यान स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागले; दोन डझनांहून जास्त गिरक्या मोजल्या गेल्या. तरी ते १०२.९ किलोमीटरवर पोहोचले आणि परतले. दुसऱ्या खेपेला ब्रायन बिनी यांची निवड झाली. रोटनच्या चाचणीतल्या वैमानिकांपैकी हे एक. डिसेंबर २००३ मध्ये, राइट बंधूंच्या उड्डाणाच्या शताब्दीदिनी, स्पेसशिप-वन प्रथमच इंजिनाच्या जोरावर ध्वनीपेक्षा वेगाने उडाले तेव्हाही तेच चालवत होते. त्या वेळी उतरताना डावे चाक मोडून यान धावपट्टीबाहेर घसरले होते. ४ ऑक्टोबर २००४ रोजी, स्पुटनिकला ४७ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, बिनी यांनी यान ११२ किलोमीटरवर नेले. एक्स-१५चा १९६३ पासूनचा उंचीचा विक्रम मोडला आणि ते अलगद उतरले. दोन उड्डाणांत अंतर पाच दिवसांचे.

त्यानंतर स्पेसशिप-वन पुन्हा उडाले नाही. ते वॉशिंग्टनच्या संग्रहालयात टांगले गेले. पुन्हा वापरता येते हे सिद्ध करण्यासाठी बांधलेले यान सिद्धतेनंतर लगेच निवृत्त झाले, ही बाब त्या वेळच्या जल्लोषात कोणी फारशी मनावर घेतली नाही. शिवाय प्रत्येक उड्डाणाला इंजिनाचे आवरण आणि नोझल नवे लागत होते. अटीतल्या दहा टक्क्यांत ते बसले एवढेच. वेगाचा हिशेबही वेगळा होता. स्पेसशिप-वनचा कमाल वेग सेकंदाला सुमारे एक किलोमीटर. पृथ्वीभोवती कक्षेत राहायला पावणेआठ किलोमीटर लागतो. वेग आठपटींच्या आसपास, म्हणजे परतताना जिरवायची ऊर्जा साधारण साठपट. रुटान यांची दुमडती शेपटी त्या उष्णतेपुढे टिकणारी नव्हती आणि तसा दावाही त्यांनी केला नव्हता. तो अर्थ वर्तमानपत्रांनी काढला.

२६ जुलै २००७ रोजी स्केल्ड कंपनीच्या चाचणी जागेवर नायट्रस ऑक्साइडच्या प्रवाहाची तपासणी सुरू होती. इंजिन पेटवायचे नव्हते, इंधनही जोडलेले नव्हते. टाकीचा स्फोट होऊन तीन कर्मचारी ठार झाले, तिघे जखमी झाले. विषारी नाही, हाताळायला सोपे म्हणून निवडलेले रसायन साठा वाढला की स्वतःहून विघटित होऊन फुटू शकते, हा धडा फार महाग पडला. व्हर्जिन गॅलॅक्टिक या कंपनीसाठी चाललेले ‘स्पेसशिप-टू’ या पुढच्या यानाचे इंजिनकाम त्यामुळे दीर्घकाळ रेंगाळले.

त्याच काळात विमानतळाच्या दुसऱ्या टोकाला, फारसा गाजावाजा न होता, महत्त्वाचे काम चालू होते. ‘मास्टेन स्पेस सिस्टिम्स’ ही मूठभर माणसांची कंपनी उभी उडणारी आणि उभीच उतरणारी छोटी रॉकेटे बनवत होती : चार पाय, गोल टाक्या, मध्ये एक इंजिन. ऑक्टोबर २००९ मध्ये नासाच्या चांद्रयान स्पर्धेत त्यांच्या ‘झोई’ रॉकेटने एका चौथऱ्यावरून उडून, तीन मिनिटे हवेत राहून, खडकाळ केलेल्या दुसऱ्या चौथऱ्यावर उतरायचे आणि इंधन भरून तसेच परत यायचे, ही अट पूर्ण केली. सरासरी चूक वीतभरही नव्हती. बक्षीस दहा लाख डॉलरचे मिळाले. त्यांच्याच ‘झॉम्बी’ने पुढच्या मे महिन्यात हवेत इंजिन बंद करून पुन्हा पेटवले आणि उभे उतरून दाखवले. नासाच्या जेट प्रपल्शन प्रयोगशाळेने वाट बदलत कमीत कमी इंधनात अचूक जागी उतरण्याचे गणित तयार केले होते. त्याची परीक्षाही २०१२-१३ मध्ये झॉम्बीवरच झाली. हे गणित मांडणाऱ्यांपैकी लार्स ब्लॅकमोर पुढे स्पेसएक्स या रॉकेट कंपनीत गेले. स्पेसएक्सच्या फाल्कन-९चा पहिला टप्पा २१ डिसेंबर २०१५ रोजी कक्षेच्या मोहिमेवरून परत येऊन जमिनीवर उभा उतरला. उडालेला टप्पा पुन्हा उडायला ३० मार्च २०१७ उजाडले.

झॉम्बीसारखे यंत्र सकाळी उडवून, तपासून, दुपारी पुन्हा उडवता येत होते. दिसायला ओबडधोबड, पण पुनर्वापराचा सराव खऱ्या अर्थाने झाला तो इथे. स्पेसशिप-वनची पुतळ्यासारखी कीर्ती त्याला लाभली नाही.

३१ ऑक्टोबर २०१४ ची सकाळ संस्थेच्या इतिहासातली दुसरी काळी नोंद. स्पेसशिप-टू इंजिन पेटवून चढत असताना सहवैमानिकाने शेपटीची कडी वेळेआधी काढली. ध्वनीच्या १.४ पट वेगानंतर काढायची ती ०.८ पटीलाच निघाली. शेपटी उचलायची कळ कोणी ओढली नव्हती, पण हवेच्या जोराने ती आपोआप उचलली गेली आणि यानाचे तुकडे झाले. सहवैमानिक मृत्यू पावले. वैमानिक पॅराशूटमुळे वाचले. उतरताना जीव वाचवणारी तीच रचना चढताना घातक ठरली. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने पुढच्या जुलैत दिलेल्या अहवालात एका माणसाच्या एका चुकीने असा अनर्थ होऊ शकतो, याचा विचार रचनाकारांनी केला नव्हता, यावर बोट ठेवले. पुढच्या यानात कडी वेळेआधी निघणारच नाही, असा अडसर बसवला गेला.

ते यान, ‘व्हीएसएस युनिटी’, १३ डिसेंबर २०१८ रोजी मोहावीहून ८२.७ किलोमीटरवर गेले. शटल थांबल्यानंतर अमेरिकेच्या भूमीवरून माणसे अंतराळात जाण्याची ती पहिली वेळ. अंतराळाची हद्द अमेरिकेच्या मापाने ५० मैलांवर धरली तर, हे इथे नोंदवायला हवे. शंभर किलोमीटरची रेषा युनिटीने कधीच गाठली नाही. २०२० मध्ये व्हर्जिन गॅलॅक्टिकने हे यान न्यू मेक्सिकोतल्या नव्या अंतराळ तळावर हलवले. एक्सकॉर त्याआधीच टेक्सासकडे वळली होती आणि २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचे ‘लिंक्स’ यान एकदाही उडाले नाही. मास्टेनने २०२२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केल्यावर ती ॲस्ट्रोबोटिक या कंपनीने विकत घेतली. मोहावीहून बोइंग ७४७च्या पंखाखाली रॉकेट नेऊन जानेवारी २०२१ मध्ये उपग्रह कक्षेत सोडणारी व्हर्जिन ऑर्बिटही २०२३ मध्ये बुडाली. भाडेकरू येतात, वाढतात, जातात किंवा बुडतात. रिकाम्या हँगरवर नवी पाटी लागेपर्यंत संस्थेला विमाने उभी करण्याचे भाडे आहेच. २०१२ मध्ये नाव अधिकृतपणे ‘मोहावी एअर अँड स्पेस पोर्ट’ झाले. पुढे त्याला रुटान बंधूंचे नावही जोडले गेले.

सध्या धावपट्टीवर सर्वांत ठळक दिसते ते स्ट्रॅटोलाँच कंपनीचे ‘रॉक’ विमान. पॉल ॲलन यांनी हवेतून रॉकेटे सोडण्यासाठी ते बांधून घेतले. दोन धडांच्या या विमानाच्या पंखांचा विस्तार ३८५ फूट. १३ एप्रिल २०१९ रोजी ते प्रथम उडाले, तेव्हा ॲलन यांना जाऊन सहा महिने झाले होते. मूळ बेत बाजूला पडून कंपनी विकली गेली आणि नव्या मालकांनी विमानाला वेगळे काम दिले : ‘टॅलन-ए’ हे विनावैमानिक रॉकेट-विमान पॅसिफिकवर सोडणे. मार्च २०२४ मधले इंजिनाच्या जोरावरचे पहिले उड्डाण समुद्रात संपले. ते यान परत आणायचे नव्हतेच. त्याचे पुढचे रूप, टीए-२, डिसेंबर २०२४ मध्ये ध्वनीच्या पाचपटींहून जास्त वेगाने उडून व्हँडेनबर्ग तळाच्या धावपट्टीवर स्वतः उतरले. मार्च २०२५ मध्ये तेच यान पुन्हा उडाले आणि पुन्हा उतरले. मधले अंतर सुमारे तीन महिन्यांचे होते. एक्स प्राइझच्या अटीत चौदा दिवस दिले होते, पण तेव्हा वेग ध्वनीच्या तिप्पट होता आणि यान चालवायला आत माणूस बसलेला होता.